यूडीसीटी, माटुंगा (स्लो)

डोंबिवलीकराला माटुंगा माहीत असतं ते रविवारच्या मेगाब्लॉकमुळे: ‘माटुंगा ते मुलुंड’. एरवी फास्ट लोकल तिथे थांबत नाही. दादरला उतरायचं आणि स्लो गाडीने एक स्टेशन मागे यायचं. पण आमच्या एमआयडीसीत ज्यांची हयात रिॲक्टरपाशी गेली, ते माटुंग्याचं नाव वेगळ्याच आदराने घेतात. पोरगा तिथल्या यूडीसीटीचा आहे म्हटलं, की त्याची मुलाखत निम्मी झालेली असते. ही संस्था आता इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी म्हणवते आणि 2008 पासून अभिमत विद्यापीठ आहे. जुनं नाव मात्र लोकांच्या तोंडून जात नाही.

1 ऑक्टोबर 1933 रोजी मुंबई विद्यापीठाचा एक विभाग म्हणून ती सुरू झाली. शहर गिरण्यांचं, त्यामुळे वस्त्ररसायन हा सुरुवातीच्या विषयांपैकी एक. के. वेंकटरामन यांनी इथे रंगद्रव्यांच्या रसायनाचा पाया घातला. संशोधनाचे अग्रक्रम ठरवायला तेव्हा समिती लागत नसावी. गिरणीचे भोंगे ऐकू येत होते.

पुढे मनमोहन शर्मा आले. 1990 मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. रघुनाथ माशेलकर त्यांचेच विद्यार्थी. शिक्षकाने कारखान्यात जावं, तिथला अडलेला प्रश्न प्रयोगशाळेत आणावा आणि त्यावर विद्यार्थ्याने पीएचडी करावी, ही इथली खरी रीत. रसायन उद्योजक केकी घरडाही इथलेच. त्यांचा कारखाना उभा राहिला तो आमच्या डोंबिवलीत.

आज संस्थेत मोठ्या नावांची केंद्रं आहेत. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने 2008 मध्ये ऊर्जा-जैवविज्ञान केंद्र निघालं. शेतातल्या काडीकचऱ्यापासून इथेनॉल करण्याचं तंत्र तिथे घडलं आणि एप्रिल 2016 मध्ये उत्तराखंडातल्या काशीपूरला, दिवसाला 10 टन कचरा पचवणारा प्रकल्प उभा राहिला. काम अस्सल आहे, त्याला नावं ठेवणार नाही.

पण पुढच्याच महिन्यात, 26 मे 2016 रोजी, डोंबिवलीतल्या रासायनिक कारखान्यात स्फोट झाला आणि लांबलांबच्या घरांच्या काचा फुटल्या. 23 मे 2024 रोजी पुन्हा तेच. मधल्या काळात, 2020 मध्ये, इथला रस्ता गुलाबी झाला. त्याआधी 2014 मध्ये हिरवा पाऊस पडला होता. वेंकटरामनांच्या विषयाचं असं प्रात्यक्षिक कोणालाच नको होतं.

या स्फोटांमधला एक धडा पहिल्या वर्षाच्या गणिताचा आहे. भांडं सगळ्या बाजूंनी दहापट वाढवलं, की आतला माल हजारपट होतो, पण उष्णता बाहेर सोडणारा पृष्ठभाग शंभरपटच वाढतो. म्हणजे एका लिटरच्या चंबूत निमूट वागणारी क्रिया हजार लिटरच्या रिॲक्टरमध्ये बिथरू शकते. थंड पाण्याचा पंप बंद पडला, की बघायलाच नको. मोठ्या कंपनीकडे हे मोजायला माणसं असतात. छोट्या युनिटचा मालक अनुभवावर चालतो, आणि अनुभव बहुधा एकाच मालाचा असतो. ऑर्डर बदलली की तो अपुरा पडतो.

दुसरा धडा सांडपाण्याचा. अनिरुद्ध पंडित यांनी माटुंग्याच्या संस्थेत पोकळीभवनावर वर्षानुवर्षं काम केलं: पाणी अरुंद छिद्रातून जोराने ढकलायचं, बुडबुडे तयार होऊन फुटतात, आणि त्या क्षणभराच्या प्रचंड तापमानात हट्टी रेणू तुटतात. रंगाचं पाणी साफ करायला यापेक्षा सोयीची कल्पना मला तरी ठाऊक नाही.

सुरक्षेवर तिथे काम होत नाही, असं मी म्हणत नाही. ते काम छोट्या गाळ्यापर्यंत पोचायला हवं, एवढंच. संस्थेने भुवनेश्वरला कॅम्पस काढला, जालन्यालाही काढला. आता एक छोटं केंद्र डोंबिवली एमआयडीसीत काढावं, जिथे मालक नवा माल करण्याआधी त्याची उष्णता मोजून घेईल. यायला अडचण नाही. फास्ट गाडी इथे थांबते.