लहान कुत्रें, त्याचे दांत आणि भूल

धाराशिव जिल्ह्यांतील तेरखेडा हें गांव फटाक्यांच्या कारखान्यांसाठीं प्रसिद्ध आहे. भुलेच्या शास्त्राशीं त्याचा संबंध सहसा कोणी जोडणार नाहीं. परंतु हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता, आणि त्याच राज्याच्या राजधानींत, हैदराबादेस, कुत्र्यांस भूल देऊन एका मोठ्या वादाचा निकाल लावण्याचा प्रयत्न झाला होता. क्लोरोफॉर्मनें रोगी दगावतो तो श्वास बंद पडून कीं हृदय बंद पडून, हा तो वाद. रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकारानें १८८८ मध्यें १४१ कुत्र्यांवर प्रयोग झाले. पुढल्या वर्षीं निजामाच्या पैशानें लंडनहून डॉ. लॉडर ब्रंटन यांस पाचारण करून शेंकडों जनावरांवर ते पुन्हा करण्यांत आले. निर्णय असा निघाला कीं, आधीं श्वास थांबतो. सबब भूल देणारानें श्वासाकडे पाहावें, नाडीची चिंता करूं नये. तो अर्धाच खरा ठरला. १९११ मध्यें लेव्ही यांनीं मांजरांवर दाखवून दिलें कीं, हलक्या क्लोरोफॉर्मखालीं हृदयाची लय एकाएकीं बिघडूनही मृत्यु येतो.

क्लोरोफॉर्म आतां गेला, पण प्रश्न उरला आहे. पॉमेरेनियन किंवा चिवावा यांसारख्या कुत्र्याचा जबडा चिमुकला, आणि दांत मात्र मोठ्या कुत्र्याइतकेच, म्हणजे ४२. दाटीमुळें त्यांवर कीट सांचतें, हिरडीखालीं पू होतो, हाड झिजतें; कधीं कधीं खालचा जबडा मोडण्याइतका पोंचट होतो. तरीही मालक दिरंगाई करतो, कारण इतक्याशा जिवास भूल सोसेल काय, ही धास्ती. ती अगदींच निराधार नाहीं. ब्रिटनमध्यें २००२ ते २००४ या काळांत सुमारें ९८,००० कुत्र्यांची पाहणी झाली. तींत निरोगी कुत्र्यांपैकीं दर दहा हजारांत सुमारें ५, तर आजारी कुत्र्यांपैकीं सुमारें १३३ दगावलीं. आणि पांच किलोंहून कमी वजनाच्या कुत्र्यांस धोका अधिक आढळला. भूल न देतां दांत खरवडून देणारे असतात खरे, पण त्यानें दांत नुसता पांढरा दिसतो. रोग हिरडीखालीं असतो, आणि जागें जनावर तेथें हत्यार फिरवूं देत नाहीं.

धोक्याचें पहिलें कारण थंडी. देह जितका लहान, तितकी वजनाच्या मानानें त्वचा अधिक, व उष्णता तितकी लवकर निसटते. भुलेंत जनावर कुडकुडतही नाहीं; त्यांत दांत साफ करणाऱ्या यंत्राच्या पाण्यानें तोंड व मान भिजते. अंग गार पडलें कीं औषध शरीरांतून हळू जातें व शुद्धि उशिरां येते. म्हणून ऊब आरंभापासूनच हवी, आणि ती गरम वाऱ्याच्या पांघरुणाची. गरम पाण्याची बाटली अंगास लावणें घातक. बेशुद्ध कुत्रें भाजत असतां दूर सरकूं शकत नाहीं.

दुसरें, मापाचें. दोन किलोंच्या कुत्र्याच्या अंगांत रक्त अवघें पावणेदोनशें मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे एक पेलाभर. दाढ काढतांना वीस मिलिलिटर गेलें, तर दहावा हिस्सा गेला. औषधाचा एक थेंबही येथें हिशेबांत धरावा लागतो. म्हणून वजन त्याच दिवशीं, बारीक कांट्यावर करावें. चिमुकल्या कुत्र्याच्या रक्तांतील साखर लवकर उतरते, तेव्हां त्यास रात्रभर उपाशी ठेवणें इष्ट नव्हे. किती तास, हें पशुवैद्यास विचारावें.

पाणी व रक्त फुप्फुसांत उतरूं नये म्हणून श्वासनलिकेंत फुगा असलेली नळी घालतात. दांताच्या मज्जातंतूजवळ बधिर करणारें इंजेक्शन दिल्यास आयसोफ्लुरेनसारखा वायु कमी लागतो, व रक्ताचा दाब कमी घसरतो. मात्र यंत्रें किती, यापेक्षां माणसें किती, हें आधीं विचारावें. दांत काढणारानेंच भूलही सांभाळावी, ही रीत लहान कुत्र्यास मानवणारी नव्हे. हैदराबादेच्या निर्णयांत नाडी वगळली होती. येथें श्वास, नाडी, रक्तदाब व उष्णता या चारींवर डोळा ठेवणारा स्वतंत्र माणूस हवा.

उपरोक्त पाहणींत दगावलेल्या कुत्र्यांपैकीं निम्म्याच्या आसपास भूल संपल्यावर गेलीं, आणि त्यांतील पुष्कळशीं पहिल्या तीन तासांत. तेरखेड्यासारख्या गांवाहून जनावर मोठ्या शहरीं न्यावें लागलें, तर परतीची गाडी गांठण्याची घाई याच तासांत होते. कुत्रें आपल्या पायांवर उभें राहून, अंगानें ऊबदार होऊन, चार घांस मऊ अन्न खाईपर्यंत त्यास तेथून हलवूं नये.