अर्धे तिकीट आणि न आलेली गाडी



सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका पाड्यावर मागील पावसाळ्यात सकाळची गाडी येणे बंद झाले. पाड्यावर चौथीपर्यंत शाळा आहे. पुढच्या शाळेसाठी अकरा किलोमीटर जावे लागते. पाड्यावरच्या तीन मुली त्या गाडीने नववीत जात होत्या. गाडी थांबली तशी शाळाही थांबली. मी एका मुलीच्या वडिलांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "ताई, गाडीच येत नही, मंग पोरले कशी धाडू?"

जीपवाला एका वेळचे तीस रुपये घेत होता. जाऊन-येऊन साठ. ज्या घरी दोन माणसांच्या मजुरीवर सहा तोंडे जगतात, त्या घरातून रोज साठ रुपये निघत नाहीत. आम्ही तेव्हा जे सुचले ते केले. तुम्ही पाठवलेल्या देणगीतून दोन महिने जीपचे पैसे भरले. मुली शाळेत जाऊ लागल्या आणि आम्हाला समाधान वाटले.

तिसऱ्या महिन्याचा हिशेब लिहिताना मात्र माझा हात थांबला. या मुलींच्या प्रवासाचा खर्च तर सरकारी तिजोरीतून आधीच ठरलेला आहे. मग तोच खर्च आपण मंडळीच्या दानातून दुसऱ्यांदा का भरत आहोत? पहिला पैसा कुठे आहे? या अंकात हाच प्रश्न समजावून घेऊ.

गाडी कोणाच्या पैशावर धावते?

आपली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिल्यांदा धावली. पुढे १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याखाली तिचे महामंडळ झाले. या कायद्याच्या कलम १८ मध्ये महामंडळाचे कर्तव्य सांगितले आहे: लोकांना कार्यक्षम, पुरेशी, काटकसरीची आणि सुसूत्र वाहतूक सेवा देणे. यातला 'पुरेशी' हा शब्द आपण लक्षात ठेवावा. नफा होईल तेथेच गाडी न्यावी, असे कायदा म्हणत नाही.

एसटीचे उत्पन्न दोन वाटांनी येते. एक, प्रवाशांच्या तिकिटातून. दुसरी वाट पुष्कळांना ठाऊक नसते. सरकार ज्या ज्या सवलती जाहीर करते, त्यांची भरपाई सरकारने महामंडळाला द्यायची असते. तिला 'सवलतमूल्याची प्रतिपूर्ती' म्हणतात. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील आजी-आजोबांना मोफत प्रवास मिळाला. १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट झाले. शाळकरी मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास आहे. यातील कोणतीही सवलत 'फुकट' नाही. चोपड्याला निघालेली बाई अर्धे तिकीट काढते, तेव्हा उरलेले अर्धे राज्याची तिजोरी भरते. तिजोरीत पैसा कोणाचा? साबण, काडेपेटी घेताना कर देणाऱ्या सगळ्यांचा. त्यात त्या पाड्यावरचा मजूरही आला.

आता पुढचे नीट पाहा. सवलत तिकिटाबरोबर चालते आणि तिकीट गाडीबरोबर. जेथे गाडीच जात नाही तेथे अर्धे तिकीट नाही, मोफत पास नाही, आजोबांचा मोफत प्रवासही नाही. शहरातल्या बहिणीला सवलत मिळते. डोंगरातली बहीण जीपवाल्याला पूर्ण भाडे देते, तेही टपाला धरून लटकत. योजना सर्वांसाठी जाहीर होते, पण गाडीवाचून राहिलेल्या पाड्याच्या वाट्याला त्यातला एक रुपयाही येत नाही.

निळी गाडी

मुलींसाठी आणखी एक सोय आहे. मानव विकास कार्यक्रमात मागासलेल्या तालुक्यांना खास बसगाड्या दिलेल्या आहेत. लोक त्यांना 'निळी गाडी' म्हणतात. २००६ साली हा कार्यक्रम मोजक्या तालुक्यांत सुरू झाला आणि २०११ पासून राज्यातल्या १२५ तालुक्यांत गेला. प्रत्येक तालुक्याला सुरुवातीला पाच आणि पुढे सात गाड्या ठरल्या. गाडीचा पैसा आणि तिच्या फेऱ्यांचा खर्च सरकार देते, चालवते एसटी. शाळेच्या वेळी ती मुलींसाठीच धावली पाहिजे. आपला तालुका या यादीत आहे का आणि निळ्या गाड्या कोणत्या गावांना नेमल्या आहेत, हे जिल्हा नियोजन कार्यालयात आणि आगारात विचारता येते. सकाळी नऊ वाजता निळी गाडी भलत्याच मार्गावर दिसली, तर तारीख, वेळ आणि गाडीचा क्रमांक वहीत लिहून ठेवावा.

पाड्याच्या वाट्याचा पैसा

गाडी नुसत्या डिझेलवर चालत नाही, तिला रस्ताही लागतो. रस्त्याचा पैसा वेगळ्या खिशातून येतो. २०११ च्या जनगणनेप्रमाणे धुळे जिल्ह्यात दर शंभर माणसांत सुमारे बत्तीस आणि जळगाव जिल्ह्यात सुमारे चौदा आदिवासी आहेत. आदिवासींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात निधी वेगळा ठेवण्याची पद्धत राज्यात आहे. पूर्वी तिला आदिवासी उपयोजना म्हणत, आता आदिवासी घटक कार्यक्रम म्हणतात. जळगावसाठी यावल येथे आणि धुळ्यासाठी धुळे येथे आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आहे.

चोपडा, यावल, रावेर, शिरपूर आणि साक्री तालुक्यांतील पुष्कळ गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. तेथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ साली केले. २०१५ पासून आदिवासी घटक कार्यक्रमाच्या निधीतील पाच टक्के रक्कम थेट पेसा ग्रामपंचायतींना मिळू लागली. पायाभूत सोयी, शिक्षण, आरोग्य, वनसंवर्धन यांवर ती कशी खर्च करायची, हे ग्रामसभेने ठरवायचे असते. या कायद्याने ग्रामसभेला आणखी एक मोठा अधिकार दिला आहे. पंचायतीने खर्च केला की त्या खर्चाचा विनियोग दाखला ग्रामसभेकडून घ्यावा लागतो. म्हणजे 'काम झाले, पैसा योग्य लागला' हे सांगण्याचा हक्क पाड्यावरच्या माणसांना आहे. आमच्या अनुभवात दहांतील आठ माणसांना हे ठाऊक नसते. कागदावर अंगठा मागितला जातो आणि तो दिला जातो.

हिशेब कोण तपासतो?

वरच्या पातळीवर तपासणीची साखळी आहे. एसटी महामंडळाचे हिशेब भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या यंत्रणेकडून तपासले जातात. त्यांचे अहवाल विधिमंडळापुढे येतात आणि आमदारांच्या समित्या त्यांवर अधिकाऱ्यांना प्रश्न विचारतात. ही व्यवस्था गरजेची आहे, पण तिचे पाय सावकाश पडतात.

जळगावकरांना घरकुल प्रकरण आठवत असेल. गरिबांच्या घरांच्या योजनेतील गैरव्यवहाराची फिर्याद २००६ साली झाली. धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवले ते ३१ ऑगस्ट २०१९ रोजी, आणि प्रकरण पुढे वरच्या न्यायालयात गेले. फिर्याद ते निकाल, तेरा वर्षे. तेरा वर्षांत नववीतली मुलगी आई होऊन तिची लेकरे शाळेत जायची वेळ येते. म्हणून वरची साखळी हवीच, पण खालून, गावातून, वेळेवर विचारलेला प्रश्न तिच्याइतकाच महत्त्वाचा आहे.

प्रश्न कसा विचारावा?

पहिली पायरी आगार व्यवस्थापकाला साधे पत्र. पत्राची एक प्रत आपल्याकडे ठेवून तिच्यावर पोच घ्यावी. त्यांच्या वर जिल्ह्याच्या विभागीय कार्यालयात विभाग नियंत्रक असतात.

उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार कायदा, २००५. अर्ज साध्या कागदावर चालतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा. दारिद्र्यरेषेखालील माणसाला दाखला जोडल्यास ही फी नाही. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण दीडशे शब्दांच्या आत हवा. उत्तर तीस दिवसांत यायला हवे. न आल्यास किंवा अपुरे आल्यास पुढच्या तीस दिवसांत त्याच कार्यालयातील वरिष्ठांकडे पहिले अपील, आणि त्यानंतर नव्वद दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे दुसरे अपील करता येते.

येथे आम्ही एक चूक केली, ती तुम्ही करू नये. पहिल्या अर्जात आम्ही लिहिले, 'गाडी का बंद केली?' उत्तर आले, 'हा खुलासा माहितीच्या व्याख्येत बसत नाही.' कायदा कागदावर असलेली माहिती देतो, कारणे सांगत बसत नाही. दुसऱ्या अर्जात आम्ही कागदच मागितले:

१. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत ही फेरी किती दिवस सोडली आणि किती दिवस रद्द केली, त्या नोंदवहीची प्रत.

२. रद्द करण्याविषयी जी पत्रे आली-गेली, त्यांच्या प्रती.

३. मागील वर्षातील या फेरीचे उत्पन्न आणि भारमान.

आलेल्या कागदांवरून उलगडा झाला. पाड्याअलीकडच्या नाल्यावरील फरशी पूल ऑगस्टमध्ये खचला होता. 'रस्ता नादुरुस्त' असा शेरा मारून फेरी रद्द झाली होती. रस्त्याच्या कार्यालयाला पत्र गेले होते. त्याला उत्तर नव्हते, आणि पुन्हा कोणी विचारलेही नव्हते. गाडीवाल्यांच्या लेखी दोष रस्त्याचा होता, आणि रस्तावाल्यांकडे गाडीची चौकशी करायला कोणी गेलेच नव्हते. या दोन टेबलांच्या मधल्या जागेत तीन मुलींची शाळा बुडाली होती.

मग तिसरा अर्ज रस्त्याच्या कार्यालयात. दुरुस्ती त्या वर्षाच्या मंजूर यादीत होती, फक्त काम कोणाला दिले नव्हते. ग्रामसभा बोलावली गेली, ठराव झाला, आणि ठराव घेऊन पाड्यावरच्या बाया स्वतः तालुक्याला गेल्या. कोणी घोषणा दिल्या नाहीत. हातात कागद होते. अधिकाऱ्यांनी ते वाचले आणि चहाही पाजला, हेही सांगायला हवे. डिसेंबरात पुलाचे काम झाले. जानेवारीत सकाळची गाडी आली. संध्याकाळची अजून आलेली नाही, तिचा पाठपुरावा चालू आहे.

तीन मुलींपैकी एक परत वर्गात बसली. दुसरी कापूस वेचणीला गेली ती परत आली नाही. तिसरीचे तोवर लग्न ठरले होते. प्रश्न विचारायला आम्हाला जे महिने जास्त लागले, त्यांची किंमत या दोघींनी दिली. म्हणून हे लिहीत आहे.

जीव जातात तेव्हा

गाडी नसली की माणूस मिळेल त्या वाहनात बसतो: जीपच्या टपावर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, मालाच्या ट्रकवर. फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यातील किनगावजवळ पपईने भरलेला ट्रक उलटला आणि वर बसून घरी निघालेले किमान पंधरा मजूर माल अंगावर येऊन दबून मेले. त्या अपघाताची कारणे तपासणाऱ्यांनी सांगावीत. पण मजूर घरी कसे परततात, हा प्रश्न त्या रात्रीने आपल्या दारात आणून ठेवला आहे.

मंडळीने यात का पडावे?

काही सभासद विचारतात, हे राजकारण नाही का? कोणाला मत द्यावे ते आम्ही सांगत नाही. ज्याच्या हाती दुसऱ्यांचा पैसा दिला आहे त्याने हिशेब द्यावा, एवढेच आम्ही म्हणतो. प्रभू येशूने कारभाऱ्याचा दाखला दिला, त्यातही धनी आधी हिशेब मागतो. यरुशलेमेतील गरिबांसाठी जमवलेले दान नेताना प्रेषित पौल एकटा गेला नाही. कोणी बोट दाखवू नये म्हणून त्याने तीताला आणि मंडळ्यांनी निवडलेल्या बंधूला बरोबर पाठवले. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात हे सविस्तर आहे. पौलावर कोणाचा अविश्वास होता म्हणून नव्हे, तर पैसा गरिबांचा होता म्हणून ही काळजी घेतली गेली.

हीच फूटपट्टी आधी आपल्याला लागते. जीपसाठी खर्च केलेल्या दोन महिन्यांच्या पैशांचा तपशील आम्ही हिशेबाच्या पानावर वेगळा दाखवला आहे. तो वाचा आणि खटकल्यास विचारा. जो स्वतःचा हिशेब उघडा ठेवतो, त्यालाच दुसऱ्याचा मागता येतो.

तुम्ही काय करू शकता?

तुमच्यापैकी पुष्कळ जण शिक्षक, परिचारिका, बँकेतील कर्मचारी, निवृत्त कारकून आहात. अर्ज लिहिणे तुमच्या हातचा मळ आहे, पाड्यावरच्या माणसाला तो डोंगर वाटतो. महिन्यातून एक शनिवार द्या. एका गावाबरोबर बसून एक अर्ज लिहा, पण सही त्या गावच्या माणसाची असू द्या. शेवटी बोलायचे त्यांनाच आहे.

आणि प्रार्थना करा: संध्याकाळच्या गाडीसाठी, रात्री-अपरात्री गाडी हाकणाऱ्या चालक-वाहकांसाठी, प्रामाणिक अधिकाऱ्यांसाठी, आणि शाळा सुटलेल्या त्या दोन मुलींसाठी. त्यांच्यापैकी एकीची आई मागच्या आठवड्यात भेटली. म्हणाली, "ताई, धाकली औंदा पाचवीत जाईन. गाडी राहीन ना?"

मी हो म्हणाले आहे. ते खरे ठरवायला तुमची मदत हवी आहे.