सरड्याची लाळ आणि आपली भूक

दोस्तांनो, अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात एक मोठा सरडा राहतो. नाव गिला मॉन्स्टर! अंगावर काळे-नारिंगी मणी ओवल्यासारखे खवले, जाडजूड शेपूट, चाल एकदम संथ. चावला तर विषारी, बरं का! पण या स्वारीची खरी गंमत वेगळीच आहे. वर्षभरात मोजकीच जेवणं झाली तरी तिचं भागतं. एकदा पोटभर हादडायचं, चरबी शेपटीत साठवायची आणि खुशाल बिळात पडून राहायचं.

न्यूयॉर्कच्या डॉ. जॉन एंग यांनी या सरड्याच्या विषारी लाळेचा अभ्यास केला. १९९२ साली त्यांना तिच्यात एक पदार्थ सापडला. तो होता आपल्याच आतड्यात तयार होणाऱ्या एका हार्मोनसारखा. त्या हार्मोनचं नाव जीएलपी-१. आपण जेवलो की ते रक्तात येतं, इन्शुलिनला कामाला लावतं आणि मेंदूला निरोप पाठवतं, 'पुरे आता, पोट भरलं!' पण आपलं जीएलपी-१ दोन-चार मिनिटांत नाहीसं होतं. सरड्याचा पदार्थ मात्र बराच वेळ टिकतो. झालं! त्यावरून २००५ साली मधुमेहाचं एक औषध आलं. पुढे शास्त्रज्ञांनी माणसाच्याच जीएलपी-१ मध्ये थोडे फेरफार करून सेमाग्लुटाइड बनवलं. त्याचं इंजेक्शन आठवड्यातून एकदा घेतलं की पुरतं. ते घेणाऱ्यांची भूक कमी होते आणि वजनही उतरतं, असं दिसलं. म्हणून २०२१ साली अमेरिकेत ते लठ्ठपणावरचं औषध म्हणूनही मंजूर झालं. भारतात ते वेगोव्ही या नावाने जून २०२५ मध्ये आलं. त्याच्या नात्यातलं मौंजारो त्याआधी मार्चमध्येच आलं होतं. तेव्हापासून लग्नाच्या मांडवातसुद्धा 'ती सुई' हा गप्पांचा विषय झालाय!

मग ही औषधं वाईट का? मुळीच नाही. लठ्ठपणा हा आळशीपणा नव्हे, आजार आहे, आणि आजाराला औषध मिळालं तर चांगलंच. अमेरिकेत तर बारा वर्षांपुढच्या लठ्ठ मुलांनाही सेमाग्लुटाइड देण्याची परवानगी डिसेंबर २०२२ मध्ये मिळाली. पण त्याआधी डॉक्टर वय, उंची, वाढीचा तक्ता, रक्ताच्या तपासण्या, सगळं बघतात. औषधाने मळमळतं, उलट्या होतात. आणि औषध थांबवलं की उतरलेलं बरंचसं वजन परत येतं.

वजनाच्या औषधांचा जुना इतिहास तर धडकी भरवणारा आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत एक पिवळं रसायन वजन कमी करण्यासाठी विकलं जायचं. ते मूळचं स्फोटकांच्या कारखान्यातलं! त्याने शरीर आतून तापत जायचं. काहींना मोतीबिंदू झाला, काहींचा जीव गेला. (त्याचं नाव मुद्दामच सांगत नाही.) १९९७ साली फेनफ्ल्युरामिन बाजारातून काढावं लागलं, कारण त्याने हृदयाच्या झडपा बिघडत होत्या. २०१० मध्ये हृदयविकाराच्या भीतीने सिब्युट्रामिनची पाळी आली. कुणीतरी 'एकदम सेफ आहे' म्हणून डब्यातून काढून गोळी पुढे केली, तर हे आठवा.

पण आज मला सांगायचंय ते वेगळंच. ज्याला लठ्ठपणाचा आजार नाहीच, पण आरशात बघून 'मी जाडी आहे', 'मी जाड्या आहे' असं सारखं वाटतं, त्याने भूक मारली तर काय होतं?

याचं उत्तर १९४५ सालच्या एका प्रयोगात मिळतं. तेव्हा महायुद्धामुळे युरोपात लोक उपासमारीने मरत होते. त्यांना पुन्हा जेवतं कसं करायचं, हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. म्हणून अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुण निवडले. युद्धात शस्त्र उचलायला नकार देणारी ही मंडळी स्वतःहून पुढे आली होती. चोवीस आठवडे त्यांना अर्धपोटी ठेवलं. बटाटे, सलगम, कोबी, ब्राउन ब्रेड असलं जेवण, तेही मोजून.

काय झालं असेल? नुसते बारीक झाले? छे! त्यांच्या डोक्यात जेवणाशिवाय दुसरं काही येईना. कुणी पाककृतींची पुस्तकं जमवू लागला, कुणी ताट चाटूनपुसून साफ करू लागला. सगळ्यांना सतत थंडी वाजायची. चिडचिड वाढली, मित्र नकोसे झाले, अभ्यासात मन लागेना. काहींना तर आपण हडकलोय हे कळेचना, उलट बाकीची माणसंच फार जाड वाटू लागली! ही सगळी मुळात आनंदी, समजूतदार पोरं होती, बरं का. म्हणजे उपाशी राहिलं की मेंदूही उपाशी राहतो. मग 'तिला म्हणावं, जरा समजून घे' असं म्हणून कसं चालेल? समजून घेणारं डोकंच तर उपाशी असतं!

मुलामुलींमध्ये असा एक आजार खरोखरच असतो. १८७३ साली लंडनच्या सर विल्यम गल यांनी त्याला 'ॲनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव दिलं. ॲनोरेक्सिया म्हणजे भूक नसणं. नाव चुकलंच म्हणायचं! कारण भूक बहुतेक वेळा असते. ती रोज दाबली जाते. याची भावंडंही आहेत. बुलिमियात माणूस चोरून भराभरा खातो आणि मग ते अन्न शरीरातून घालवायची धडपड करतो. तिसऱ्या प्रकारात नुसतंच अनावर खाणं होतं आणि मागून लाज वाटत राहते. हे मुलग्यांनाही होतं, फक्त 'बॉडी बनवतोय' म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. अंगाने चांगल्या दिसणाऱ्या मुलांनाही होतं. आता अशा कुणाच्या हाती भूक मारणारं औषध लागलं तर? आगीत तेलच की!

यावर उपचार आहेत, आणि ते लवकर सुरू केले तर खूप मुलं बरी होतात. डॉक्टर आधी नाडी, रक्तदाब, रक्तातले क्षार बघतात. फार उपासमार झाली असेल तर दवाखान्यात ठेवतात, कारण अशा शरीराला एकदम खूप अन्न दिलं तर तेही धोक्याचं. ॲनोरेक्सियावर मुख्य औषध म्हणजे चक्क जेवण! वेळच्या वेळी आणि कुणीतरी सोबत बसून. बुलिमियात फ्लुओक्सेटीन ही उदासीनतेवरची गोळी डॉक्टर कधी कधी देतात. तिच्याबरोबर बोलून करायचे उपचार असतातच.

गल साहेबांचं मत होतं, की अशा रुग्णाची देखभाल नातेवाइकांकडे देऊच नये. १९८० च्या दशकात लंडनच्याच मॉडस्ली हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी हे उलटं केलं. त्यांनी आई-बाबांनाच ताटाशेजारी बसवलं. ओरडायचं नाही, लाच द्यायची नाही, पण ताट संपेपर्यंत उठायचंही नाही. आजार वेगळा, आपलं मूल वेगळं, हे धरून चालायचं. लहान वयातल्या रुग्णांना याचा चांगला फायदा झाला आणि आज जगभर हा उपचार वापरतात.

आई-बाबांनो, आता तुमच्याशी थोडं. चतुर्थी, सोमवार, एकादशी असे उपास अचानक वाढले आणि साबुदाण्याची खिचडीही 'नको' झाली. 'मैत्रिणीकडे खाऊन आले' हे रोजचंच झालं. पाळी थांबली, चक्कर येऊ लागली, सैल कपडे आवडू लागले, तर वाट बघू नका. वयात येताना मुलींचं अंग भरतं, ते भरायलाच हवं. त्यात एखाद्या आत्याने 'अगं, किती सुटलीस!' म्हटलं, की तो शब्द मुलीच्या डोक्यात वर्षभर फिरतो. पाहुण्यांची ही सवय आपणच मोडायला हवी, अगदी तोंडावर. घरात कुणी ती इंजेक्शनं घेत असेल, तर ती फ्रिजमध्ये लोण्याच्या भांड्याशेजारी नकोत, मुलांच्या हाताबाहेर असू द्या.

आणि दोस्तांनो, तुमची मैत्रीण डबा रोज तसाच परत नेत असेल, तर वर्गात तिची थट्टा नको. तिच्याशी एकटीशी बोला, आणि मग बाईंना किंवा घरी सांगा. ही चुगली नव्हे. स्वतःबद्दल असं वाटत असेल तर आईला, बाबांना, आजीला, ज्यांच्याशी बोलावंसं वाटतं त्यांना सांगा. घरात बोलणं जमतच नसेल, तर सरकारची 'टेली मानस' ही मोफत फोनसेवा आहे. नंबर १४४१६. मराठीतही बोलता येतं.