गुडघेदुखीवर धमनीतून उपचार
गुडघा झिजला म्हणून दुखतो, हे अर्धेच उत्तर; कूर्चेत मज्जातंतूच नसतात. दीर्घकाळ सुजलेल्या सांध्याच्या अस्तरात नव्या, सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे वाढते आणि त्यांच्यासोबत वेदनावाहक तंतूही. जपानचे डॉ. युजी ओकुनो यांनी २०१३ मध्ये कंडरांच्या जुनाट दुखण्यावर आणि पुढे गुडघ्यावर हा रक्तपुरवठाच रोखण्याचा उपचार मांडला. जागा बधिर करून जांघेतील धमनीतून बारीक नळी गुडघ्यापर्यंत नेतात व सूक्ष्म कण सोडतात. ओकुनो यांनी त्यासाठी चक्क एक प्रतिजैविक वापरले. त्याचे कण कालांतराने विरघळतात. गोळ्या-इंजेक्शनांनी भागत नाही आणि सांधेबदलाचे वयही झालेले नाही, अशा रुग्णांना याचा विचार करता येतो. झिजलेली कूर्चा मात्र परत येत नाही. सांधा पार झिजलेल्यांना उपयोग कमीच.