परसात झेंडूही, भाजीही : दसरा-दिवाळीच्या हंगामाचा हिशेब

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीसारख्या गावांत आपल्या अनेक कारागीर बांधवांच्या घरामागे थोडी जागा असते. कुठे दोन खाटांएवढे अंगण, कुठे मोकळी गच्ची. धंद्यात मंदी आली की घरखर्चाची चिंता सुरू होते, पण ही जागा मात्र रिकामीच राहते. पावसाळा सरताना याच जागेत फुले आणि भाजी एकत्र कशी लावावी, आणि त्यातून चार पैसे कसे सुटतील, हे आम्ही येथे मांडत आहोत.

प्रथम बाजार पाहू. झेंडूला मागणी वर्षभर थोडीफार असते, पण खरी तेजी दसरा आणि दिवाळीची. दसऱ्यानंतर साधारण विसाव्या दिवशी लक्ष्मीपूजन येते. म्हणजे एकाच हंगामात दोन वेळा गिऱ्हाईक दारात उभे राहते. आपल्या ईदचे तसे नाही. चांद्रवर्षामुळे ती दरवर्षी साधारण 10-11 दिवस अलीकडे सरकते, त्यामुळे ती कधी उन्हाळ्यात तर कधी थंडीत येते. दसरा-दिवाळी मात्र शरदातच राहतात. सण कुणाचा असेना, माल चोख आणि वजन पुरे असेल तर ती हलाल रोजीच आहे. दिवाळीला कापड विकतोच की आपण!

परंतु या धंद्यातला धोकाही कापडवाल्याने नीट समजून घ्यावा. कापड विकले गेले नाही तर ते पुढच्या हंगामापर्यंत कपाटात राहते. झेंडू राहत नाही. सणाच्या आदल्या दिवशी चढलेला भाव सणाच्या दुपारी कोसळतो आणि संध्याकाळी मंडईबाहेर फुलांचे ढीग पडलेले दिसतात. त्यात ऐन वेळी पाऊस झाला तर फुलांत पाणी साचून पाकळ्या काळ्या पडतात. म्हणून सगळी जागा झेंडूने भरू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. निम्म्या जागेत भाजी असावी. फुलाचा भाव बुडाला तरी घरातली चूल त्या भाजीवर चालेल.

आता वेळेचा हिशेब. झेंडूचे बी टाकल्यापासून रोप लावणीला यायला 25 ते 30 दिवस लागतात आणि लावणीनंतर दोन महिन्यांच्या आसपास फूल भरते. म्हणून दसऱ्याची तारीख कॅलेंडरात पाहावी आणि तीन महिने मागे मोजून बी टाकावे. दिवाळीसाठी दुसरी खेप वीस दिवसांनी टाकावी. लावणीनंतर महिनाभराने शेंडा खुडला की फुटवे वाढतात आणि फुलेही वाढतात, मात्र पहिले फूल थोडे उशिरा येते, तेवढे दिवस हिशेबात धरावेत. मोठ्या झेंडूला दोन रोपांत दीड-दोन फूट अंतर हवे, ठेंगण्या जातीला एक फूट पुरते.

सोबतीला अशा भाज्या घ्याव्यात ज्या स्वतःच रंगीत आहेत. लाल माठ 25-30 दिवसांत कापणीला येतो. मिरची हिरव्याची लाल होत जाते. जांभळे वांगे आहेच. वालाचा जांभळ्या फुलांचा वेल मांडवावर चढवला की दिवस लहान होऊ लागताच फुलतो आणि शेंगाही देतो. या सगळ्यांत आमची आवड लाल अंबाडी. तिची पाने भाजीला चालतात. पावसाळा संपल्यावर फूल गळून मागे लालभडक बोंडे राहतात. ती वाळवून ठेवली तर वर्षभर शरबत होते. मिसर आणि सुदानमध्ये याच बोंडांचे पेय ‘करकदे’ नावाने पितात. हज-उमऱ्याला जाऊन आलेल्या कित्येकांनी ते चाखलेही असेल.

मांडणी करताना साडी डोळ्यांसमोर आणावी. काठ गडद, अंग फिके, तरच दोन्ही उठून दिसतात. शरदात सूर्य दक्षिणेकडे झुकतो, म्हणून अंबाडी आणि वालाचा मांडव उत्तरेच्या कडेला ठेवावा, म्हणजे त्यांची सावली इतरांवर पडणार नाही. मध्ये झेंडू, वांगी आणि मिरची घ्यावी, आणि पुढच्या काठाला लाल माठ. गच्चीवर बारा इंची कुंड्या किंवा जुन्या गोण्या चालतात. फक्त पाणी साचू देऊ नये आणि सगळा भार एका कोपऱ्यात टाकू नये.

झेंडूचा भाजीला आणखी एक फायदा आहे. टोमॅटोची फळे पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूच्या कळ्या-फुलांकडे ओढला जाऊन तेथे अंडी घालतो. म्हणून शेतकरी टोमॅटोच्या पंधरा-सोळा ओळींमागे एक ओळ झेंडूची लावतात. त्यासाठी झेंडूचे रोप टोमॅटोच्या रोपाहून वयाने मोठे लागते, कारण दोघांना फूल एकाच वेळी यायला हवे. झेंडूच्या मुळांमुळे जमिनीतले सूत्रकृमीही कमी होतात, पण त्यासाठी वाफाभर दाट झेंडू दोन-तीन महिने उभा लागतो. कडेला दोन रोपे लावून तो गुण मिळत नाही.

एक सावधगिरी फार गरजेची आहे. फूल टवटवीत दिसावे म्हणून झेंडूवर विषारी औषध मारले तर ते शेजारच्या माठावरही उडते, आणि तो माठ आपलीच मुले खातात. अशा मिश्र वाफ्यात रासायनिक फवारणी नकोच. शोभेसाठी कण्हेर किंवा धोतराही येथे लावू नये, दोन्ही विषारी आहेत.

उरलेली फुलेही फेकू नयेत. पाकळ्या सावलीत वाळवून ठेवल्या तर रंगाऱ्याच्या कामी येतात. सुती कापड आधी हरड्याच्या पाण्यातून काढावे, मग तुरटीच्या, आणि नंतर पाकळ्यांच्या उकळलेल्या पाण्यात टाकावे, छान पिवळा रंग चढतो. वजन साधारण कापडाइतके सुक्या पाकळ्यांचे धरावे. त्यातच थोडा हिराकस पडला तर पिवळ्याचा शेवाळी हिरवा होतो. पक्केपणात हा रंग गिरणीच्या रंगाची बरोबरी करत नाही, म्हणून ओढणी किंवा रुमालासाठीच वापरावा आणि गिऱ्हाइकाला ते आधीच सांगावे.

बी ठेवायचे असेल तर देशी झेंडूची चांगली फुले झाडावरच वाळू द्यावीत. संकरित जातीचे बी ठेवण्यात अर्थ नाही, पुढच्या वर्षी फूल सारखे येत नाही. वाळलेले बी कापडी पुरचुंडीत बांधून, त्यावर जात आणि महिना लिहून कोरड्या जागी टांगावे.