वेगाचे पहिले चलान : वकील करावा की दंड भरून मोकळे व्हावे?

व्यापार आला म्हणजे मालाची ने-आण आली, आणि ने-आण आली म्हणजे गाडी आली. आज लहानसहान व्यापाऱ्याच्या दारातही एखादा टेम्पो उभा असतो. ज्याच्याकडे टेम्पो नाही तो कारागीर मोटारसायकलच्या मागे गठ्ठा बांधून माल पोचवतो. अशा प्रत्येकाच्या मोबाईलवर एखाद्या दिवशी संदेश येऊन धडकतो की आपली गाडी अमुक ठिकाणी मर्यादेपेक्षा जास्त वेगाने गेली, सबब अमुक रुपये दंड भरावा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ च्या जुलैपासून कॅमेऱ्यांची यंत्रणा सुरू झाली, तेव्हापासून तर तेथून माल नेणाऱ्यांना असे संदेश नवीन राहिलेले नाहीत.

पहिल्यांदाच चलान आले की माणूस सहसा दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर घाबरून वकिलाकडे किंवा एजंटाकडे धाव घेतो, नाहीतर ‘पाहू पुढे’ म्हणून ते विसरून जातो. आमच्या मते हे दोन्ही मार्ग नुकसानीचे आहेत. वकील करावा की नाही, हा प्रश्न दंडाची रक्कम पाहून सोडवायचा नसतो. त्या चलानामुळे आपले नेमके काय पणाला लागले आहे ते पाहून तो सोडवायचा असतो. व्यापारी बंधूंना हा हिशेब स्वतः मांडता यावा म्हणून थोडी माहिती येथे देत आहोत.

कायदा काय सांगतो?

वेगमर्यादेचा भंग हा मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८३ खालील गुन्हा आहे. पूर्वी पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त ४०० रुपये दंड होता. जुन्या मंडळींच्या डोक्यात अजून तोच आकडा असतो. २०१९ साली कायद्यात दुरुस्ती झाली. आता हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये आणि मध्यम किंवा जड माल व प्रवासी वाहनाला २,००० ते ४,००० रुपये दंड आहे. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. मालासकट ज्याचे एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत धरले आहे ते वाहन कायद्याच्या भाषेत ‘हलके’ ठरते. म्हणजे आपल्या बाजारात फिरणारे लहान टेम्पो व पिकअप बहुतेक करून हलक्या वाहनांतच मोडतात. जड वाहनाचा दंड लावला गेला असेल तर आर.सी. बुक काढून वजन तपासावे.

या कलमाखाली पहिल्या वेळी कैदेची शिक्षा नाही, फक्त दंड आहे. शिवाय कलम २०० प्रमाणे शासनाने ठरवलेली रक्कम भरून हा गुन्हा कोर्टाबाहेर मिटवता येतो. त्यालाच तडजोड शुल्क म्हणतात, आणि चलानावर लिहिलेली रक्कम तीच असते. ती भरली की त्या गुन्ह्याबद्दल खटला चालत नाही.

दंड भरला म्हणजे सारे संपले काय?

बहुतेकांना असेच वाटते, पण येथेच फसगत होते. २०१९ च्या दुरुस्तीने कलम २०० मध्ये दोन अटी जोडल्या आहेत. पहिली अट अशी की रक्कम भरून मिटवलेला गुन्हाही पुढच्या वेळी ‘पहिला गुन्हा’ म्हणून मोजला जाईल. म्हणजे आज भरलेली पावती उद्याच्या दुसऱ्या गुन्ह्याचा पाया ठरते. दुसरी अट अशी की दंड भरला तरी लायसनवरील कारवाई टळत नाही.

लायसनवरील ही कारवाई नीट समजून घेतली पाहिजे. वेगाचा गुन्हा झाला असे मानण्यास कारण असेल तर कलम २०६ प्रमाणे पोलीस अधिकारी ड्रायव्हरचे लायसन ताब्यात घेऊन लायसन देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे आर.टी.ओ.कडे पाठवतो. मग कलम १९ प्रमाणे पहिल्या गुन्ह्याला तीन महिने लायसन बंद होऊ शकते आणि दुसऱ्या गुन्ह्याला ते रद्दच होऊ शकते. मात्र असा हुकूम काढण्यापूर्वी ड्रायव्हरचे म्हणणे ऐकून घेणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. म्हणणे पटले तर तो लायसन परतही देऊ शकतो. हुकूम विरुद्ध गेला तर ३० दिवसांच्या आत अपील करता येते.

आता हिशेब करून पाहा. दुकानदाराच्या दृष्टीने दोन हजार रुपये म्हणजे एका दिवसाची खोट. परंतु ज्याची रोजी स्टीअरिंगवर चालते त्या ड्रायव्हरच्या दृष्टीने तीन महिन्यांची लायसनबंदी म्हणजे तीन महिन्यांचा चुलीचा प्रश्न. चलान एकच असले तरी दोघांचे नुकसान सारखे नाही.

वकील केव्हा नको?

गाडी आपली आहे, त्या वेळी ती त्याच रस्त्यावर होती, फोटो स्पष्ट आहे, कलम फक्त १८३ आहे, अपघात झालेला नाही आणि लायसनबाबत कोणतीही नोटीस आलेली नाही, अशी स्थिती असेल तर वकिलाची गरज नाही. चलानावर दिलेल्या मुदतीत रक्कम भरावी, पावती जपून ठेवावी आणि कामाला लागावे. अशा प्रकरणात वकिलाची फी, तारखेला जाण्यायेण्याचा खर्च आणि बुडालेला धंद्याचा दिवस यांची बेरीज दंडापेक्षा जास्त होते, आणि हाती मात्र काही लागत नाही. गुन्हा कबूलच असेल तर वकील तरी काय सांगणार?

एजंटांपासून तर चार हात दूरच राहावे. ‘निम्म्यात मिटवून देतो’ असे सांगणारा इसम पैसे घेतो आणि चलान तसेच थकीत राहते. दुसरा धोका खोट्या संदेशांचा आहे. चलानाच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर फाईल किंवा लिंक येते, ती उघडली की बँकेच्या खात्यावर हात मारला जातो. म्हणून संदेशातील लिंकवरून पैसे भरू नयेत. महाराष्ट्र पोलिसांच्या ‘महाट्रॅफिकअ‍ॅप’वर किंवा शासनाच्या अधिकृत चलान संकेतस्थळावर गाडीचा नंबर घालून चलान खरोखर आहे की नाही याची आधी खात्री करावी, मगच पैसे भरावेत.

चलान चुकीचे असेल तर?

येथेही लगेच वकिलाकडे धावण्याचे कारण नाही. कॅमेऱ्याने दिलेल्या चलानाबाबत २०२१ साली केंद्र शासनाने नियम केले. त्यानुसार वेग मोजणारे यंत्र मंजूर केलेले असावे लागते आणि त्याच्या मंजुरीचे दर वर्षी नूतनीकरण व्हावे लागते. कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी वाहनचालकांना दिसेल असा सूचनाफलक लावावा लागतो. चलानासोबत गाडीच्या नंबरपाटीचा स्पष्ट फोटो, यंत्राने मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण आणि कोणत्या तरतुदीचा भंग झाला त्याचा उल्लेख हवा. तसेच केवळ एका साक्षीदाराला ‘गाडी वेगात वाटली’ एवढ्यावरून कोणालाही दोषी धरता येत नाही. त्या अंदाजाला यंत्राचा आधार लागतो, असे कलम १८३ मध्येच म्हटले आहे.

म्हणून चलान उघडून या गोष्टी एकेक तपासाव्यात. नंबर आपला पण गाडी दुसऱ्याची, असेही घडते. फोटोत मोटारसायकल दिसत असेल आणि आपल्या नावावर टेम्पो असेल तर तेवढा एक पुरावा पुरेसा आहे. अशा वेळी अ‍ॅपवर किंवा वाहतूक शाखेकडे लेखी तक्रार करावी. सोबत फोटो, आर.सी. बुकची प्रत आणि त्या वेळी गाडी दुसरीकडे होती हे दाखवणारी टोलची किंवा माल उतरवल्याची पावती जोडावी. तक्रारीची पोच घ्यायला विसरू नये. आधी दंड भरायचा आणि मग तक्रार करायची, हा उलटा क्रम करू नये, कारण रक्कम भरणे म्हणजे प्रकरण मिटवणे होय. तक्रार फेटाळली गेली आणि कोर्टात जाण्याची वेळ आली, तर वकिलाचा विचार त्या टप्प्यावर करावा. तेथेही वकील सक्तीचा नाही. पक्षकाराला स्वतः उभे राहून म्हणणे मांडता येते.

विकलेल्या गाडीचे चलान हा आणखी एक नेहमीचा प्रकार. गाडी विकून पैसे घेतले, पण आर.सी.वरील नाव बदलले नाही, तर सरकारदरबारी मालक आपणच राहतो. राज्यातल्या राज्यात गाडी विकल्यास १४ दिवसांत त्याची खबर आर.टी.ओ.ला देणे हे विकणाऱ्याचे काम आहे. ओळखीच्या माणसाला तोंडी व्यवहाराने टेम्पो देणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. वेगाचे चलान त्या मानाने किरकोळ आहे. उद्या त्या गाडीने अपघात केला तर भरपाईचा दावाही कागदावरच्या मालकावर येतो.

वकील केव्हा हवाच?

पुढील चार प्रसंगी मात्र फीकडे पाहू नये.

एक, चलानावर किंवा समन्सवर कलम १८४ असेल तर. हे धोकादायक वाहन चालवण्याचे कलम आहे. यात पहिल्या गुन्ह्यालाही सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. वाहन चालवताना मोबाईल वापरल्याचा प्रकार सोडला तर हा गुन्हा रक्कम भरून मिटवता येत नाही, कोर्टातच जावे लागते. १८३ आणि १८४ या दोन आकड्यांत दिसायला एकाचा फरक असला तरी एकीकडे पावती आहे आणि दुसरीकडे तुरुंग. म्हणून रक्कम पाहण्याआधी कलम पाहावे.

दोन, अपघातात कोणाला इजा झाली असेल तर. मग प्रकरण मोटार वाहन कायद्यापुरते राहत नाही, भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा नोंदला जातो. अशा वेळी वकिलाला विचारल्याशिवाय कबुलीच्या कोणत्याही कागदावर सही करू नये, आणि विमा कंपनीला ताबडतोब कळवावे.

तीन, लायसन बंद करण्याची नोटीस आली असेल आणि ड्रायव्हरचे पोट त्याच लायसनवर असेल तर. म्हणणे मांडण्याची संधी एकदाच मिळते, ती नीट लिहून दिलेल्या अर्जाने साधावी.

चार, आधीचे एखादे चलान भरलेले असेल आणि हे दुसरे असेल तर. येथे लायसन रद्द होण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते.

ज्यांना वकिलाची फी परवडत नाही त्यांनीही निराश होऊ नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रिया, अपंग, औद्योगिक कामगार आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणारे यांना सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज करावा. थकलेली चलाने लोकअदालतीतही मिटवली जातात. तेथे कोर्ट फी लागत नाही, पण झालेल्या निवाड्यावर अपीलही नसते, हे जाणून मगच सही करावी.

मालकाने स्वतःला विचारावयाचा प्रश्न

आता शेवटची आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट. चलान आले की पुष्कळ मालक ती रक्कम सरळ ड्रायव्हरच्या पगारातून कापतात. ‘वेगात तू गेलास, दंड तूच भर’ असा हा न्याय. कायद्याचा न्याय मात्र वेगळा आहे. कलम १८३ गाडी चालवणाऱ्याइतकेच, आपल्या नोकराला वेगात चालवायला लावणाऱ्यालाही दोषी धरते. इतकेच नव्हे, अमुक वेळेत पोचलेच पाहिजे असा हुकूम मालकाने दिला असेल आणि वेगमर्यादा मोडल्याशिवाय तेवढ्या वेळेत पोचणे शक्य नाही असे कोर्टाला वाटले, तर तो हुकूमच मालकाविरुद्ध सकृद्दर्शनी पुरावा ठरतो.

समजा, मालेगावहून कपड्याचे गठ्ठे घेऊन टेम्पो भिवंडीला जायचा आहे. रस्ता सुमारे अडीचशे किलोमीटरचा, वाटेत नाशिकची गर्दी आणि कसारा घाट. मालकाने सांगितले, ‘आठला निघ आणि अकराला गोदामावर हजर राहा.’ तीन तासांत हे अंतर कापायचे तर गाडी कोठेही न थांबता सरासरी ८० च्या वर पळाली पाहिजे. भरलेल्या टेम्पोला हे कायद्यात राहून जमणार नाही, हे मालकालाही ठाऊक असते. मग वेगाने कोण गेले, ड्रायव्हर की मालकाचा हुकूम? शिवाय मोबाईलवर पाठवलेला असा हुकूम पुसला जात नाही.

यासाठी आमची सूचना अशी की दुकानात जशी उधारीची वही असते तशी गाडीचीही एक वही ठेवावी. गाडी कोण घेऊन गेला, किती वाजता निघाला, कधी पोचला, हे रोज लिहावे. पोलिसांनी त्या वेळी गाडीवर कोण होते असे विचारल्यास ड्रायव्हरचे नाव-पत्ता सांगणे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा ही वहीच उपयोगी पडेल. पहिले चलान आले की त्याची नोंद त्याच वहीत करावी आणि त्या फेरीला वेळ किती दिला होता हेही पाहावे. दिलेला वेळच अपुरा असेल तर दंड मालकाने भरावा आणि पुढच्या फेरीला ड्रायव्हरला तासभर आधी निघू द्यावे. तो एक तास वकिलाच्या फीपेक्षा निश्चितच स्वस्त पडेल.