कुलाब्याची तटबंदी व तिथीचें महत्त्व

अलिबागेसमोरील कुलाबा हा जलदुर्ग खरा. परंतु ओहोटीच्या वेळीं किनाऱ्यावरून तेथें पायीं जातां येतें. हेंच त्याचें वर्म होय. लगतच्या खडकावर सर्जेकोट आहे, व कान्होजी आंग्रे यांनीं इ. स. १७२० मध्यें किनाऱ्यावर हिराकोट बांधिला. शत्रूस तोफा मांडण्यास जागा मिळूं नये, हा त्यांतील हेतु आम्हांस स्पष्ट दिसतो. इ. स. १७२१ मधील इंग्रज व पोर्तुगीज यांची संयुक्त स्वारी फसली.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतां ओहोटीचें पाणी फार दूर हटतें. अष्टमीच्या सुमारास भांग असल्यानें तितकें हटत नाहीं. म्हणून या किल्ल्याविषयींचें शकाविना केवळ तिथि असलेलें पत्रहि संग्राहकांनीं निरुपयोगी मानूं नये. त्या दिवशीं वाट कितपत मोकळी होती, याचा अंदाज तिथीवरूनच बांधतां येतो.